झेनॉनचा लपंडाव: मध्येच विझणारा हेडलाइट घरच्या घरी कसा पकडायचा

गाडी जुनी, दिवे झेनॉनचे आणि त्यातला एक मनमौजी. निघताना दोन्ही झकास पेटतात, नाक्यापर्यंत जाता जाता डावा गुल. स्विच बंद करून पुन्हा चालू केला की स्वारी परत हजर! गॅरेजमध्ये नेली की तिथे नेमका शहाण्या मुलासारखा जळत राहतो. मग कुणीतरी बोनेटही न उघडता सांगतं, "बॅलास्ट गेलाय, बदलून टाका." (बॅलास्ट म्हणजे झेनॉन बल्बला लागणारी वीज पुरवणारा डबा.) थांबा, पाकीट खिशातच राहू द्या. डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे, या एका युक्तीवर आज आपण चोर पकडणार आहोत. गाडीला दोन दिवे आहेत, म्हणजे एक चांगला नमुना तुमच्याजवळ फुकट आहे. फक्त क्रम चुकवायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ही कृती कंपनीतूनच झेनॉन लावून आलेल्या गाड्यांसाठी आहे. मग ती जुनी सुपर्ब असो, पसाट असो की थ्री सिरीज. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातलं एचआयडी किट कोंबलं असेल तर पहिली आणि शेवटची पायरी एकच: ते किट काढून टाका. समोरच्याचे डोळे दिपवण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

जवळ काय ठेवाल? मल्टिमीटर, दहाचा पाना, स्टारच्या बीट्सचा संच, चपटा पेचकस, टॉर्च, नवे नायट्रिलचे हातमोजे, डोळे झाकणारा पारदर्शक चष्मा, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारा मऊ फडका, बारीक पॉलिश पेपर, मास्किंग टेप, खडू, मार्कर, जुना दाताचा ब्रश, नवे फ्यूज, ग्रीस, झाकणाचे दोन स्वच्छ डबे, कागद-पेन आणि गाडीचं मॅन्युअल.

एक ताकीद आधीच देतो आणि तिच्यात सूट नाही. झेनॉन बल्ब पेटतो त्या क्षणी त्याच्या वायरमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर झटका असतो. म्हणून दिव्याच्या आत हात घालायचा तो दिवे बंद, चावी बाहेर आणि बॅटरीची निगेटिव्ह सुटलेली असतानाच. बल्बकडे जाणाऱ्या वायरवर मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. मीटर जाईल, शिवाय तुम्हीही.

आधी नुसतं बघा

१. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर, नाक भिंतीकडे करून, भिंतीपासून साधारण पाच मीटरवर उभी करा. सोसायटीच्या पार्किंगची मागची भिंत उत्तम. बंद गॅरेजमध्ये मात्र नको, कारण इंजिन बराच वेळ चालणार आहे.

२. चारी चाकांच्या जागा खडूने आखून ठेवा. शेवटी गाडी बरोबर इथेच परत आणायची आहे.

३. इंजिन चालू करून दिवे डिपरवर टाका.

४. भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे कापल्यासारखी दिसते, तिथे दोन्ही दिव्यांसाठी मास्किंग टेपची पट्टी लावा. हे आत्ताच करा. दिवा एकदा बाहेर निघाला की आधीची उंची कशावरून ठरवणार?

५. अर्धा तास दिव्यांवर नजर ठेवा आणि जे दिसेल ते वेळेसकट कागदावर लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी मेख इथेच आहे, म्हणून काय शोधायचं ते नीट सांगतो. उजेड गुलाबी किंवा जांभळट झालाय? मग बल्ब म्हातारा झालाय, संशय पहिला त्याच्यावर. आधी बरा पेटतो, गरम झाला की थरथरतो आणि विझतो? तरीही बहुधा बल्बच. पेटायलाच तयार नाही, किंवा आतून बारीक टिकटिक येते पण उजेड नाही? बल्ब, त्याचं कनेक्शन किंवा इग्नायटर, म्हणजे बल्ब पेटवणारा झटका देणारा भाग. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतरच नखरे करतो? पाणी शिरलंय. खड्ड्यात आपटल्यावर विझतो? सैल वायर, सैल अर्थिंग. दोन्ही दिवे एकदमच मिचकावतात? मग दिव्यांना दोष देऊ नका, बॅटरी आणि अल्टरनेटर बघायचे आहेत. हे सगळे संशय आहेत, निकाल नव्हे. एवढ्यावरून सामान आणायला धावू नका.

६. दिवा विझला की स्विच बंद करा आणि दहा सेकंदांनी पुन्हा चालू करा. लगेच पेटला तर कागदावर तशी खूण करा. पण हा खेळ दोन-तीनदाच. दर वेळी पेटवताना बल्बचं आयुष्य थोडं कमी होतं.

७. दोन्ही दिवे डिपरवर जळत असताना अप्पर मारा. डिपर ठणठणीत आणि अप्परला उजेड वर जात नसेल तर बल्ब आणि बॅलास्ट दोघंही निर्दोष आहेत. डिपर-अप्पर एकाच बल्बवर चालणाऱ्या दिव्यात एक छोटा पडदा असतो, तो बहुधा अडकलाय. अप्पर मारताना 'टक' असा आवाज येत नाही, हीच त्याची खूण. ते काम वेगळं, इथून पुढच्या पायऱ्या त्यासाठी नाहीत.

बॅटरी आणि फ्यूज

८. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर पुढे चला. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या, नाहीतर पुढच्या सगळ्या परीक्षा खोट्या ठरतील.

९. इंजिन चालू करून दिवे, एसी आणि पंखा लावा.

१०. त्याच दोन टोकांवर पुन्हा मोजा. १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवं. १३ च्या खाली घसरत असेल तर इथेच थांबा आणि अल्टरनेटर दाखवून घ्या. अपुऱ्या विजेवर झेनॉन विझणारच.

११. इंजिन बंद करून चावी खिशात घाला.

१२. बॅटरीची दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हलतात? दहाच्या पान्याने आवळा, पण पिळून काढू नका. शिसं मऊ असतं.

१३. मॅन्युअलमधला तक्ता बघून हेडलाइटचे फ्यूज उपसा. बहुतेक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचा फ्यूज वेगवेगळा असतो.

१४. फ्यूजचे पाय आणि ते ज्या खाचेत बसतात ती खाच टॉर्चने बघा. तार शाबूत असूनही पाय तपकिरी पडलेले किंवा प्लास्टिक वितळलेलं असू शकतं. तसं असेल तर तिथला संपर्क गरम होऊन सुटतोय, आणि खाच वायरिंगवाल्याकडून बदलून घ्यावी लागेल.

१५. दोन्ही बाजूंना तेवढ्याच अँपिअरचे नवे फ्यूज बसवा. एक नंबर मोठा घालून बघू, हा विचारही नको. आग लागते ती अशीच.

१६. पाचवी पायरी पुन्हा करा. दिवा सुधारला? अभिनंदन, काही रुपयांत सुटलात. नाही? चला, बाह्या सरसावा.

दिवा उघडणे

१७. दिवे आणि इंजिन बंद करा, चावी काढा आणि अर्धा तास सगळं थंड होऊ द्या. हा बल्ब हॅलोजनइतकाच निर्दयपणे चटका देतो.

१८. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला वळवा. त्याआधी रेडिओचा कोड मॅन्युअलच्या पाकिटात आहे ना, ते बघून घ्या. जुन्या गाड्यांत बॅटरी सुटली की रेडिओ कोड मागतो.

१९. आणखी पाच मिनिटं काहीही न करता थांबा. बॅलास्टमध्ये उरलेली वीज उतरू द्या.

२०. चष्मा आणि हातमोजे चढवा. बल्बमध्ये वायू प्रचंड दाबाखाली असतो. फुटला तर काच उडते. चष्मा डोक्यावर नको, डोळ्यांवर!

२१. दिव्याच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते हे अर्ध्या तासाने अजिबात आठवत नाही.

२२. दिव्यामागचं झाकण उघडा. काही गाड्यांत हाताला जागाच नसते. तिथे दोन-तीन स्क्रू काढून अख्खा दिवा पुढे ओढावा लागतो, आणि काहींत आधी बंपर सैल करावा लागतो. ओढताना अडला तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. प्लास्टिकचा कान तुटला की दिवा कायमचा डुगडुगतो.

२३. टॉर्च मारून आत ओल आहे का ते बघा. काचेच्या आतून थेंब, तळाशी पाण्याची रेघ, रिफ्लेक्टरवर पांढुरके डाग, यातलं काहीही दिसलं तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. कोकणातली किंवा मुंबईतली गाडी असेल तर ही पायरी दोनदा करा.

२४. बल्बचं कनेक्शन सोडवा. बल्बच्या मागे चौकोनी धातूची डबी असेल तर तिला लावलेल्या प्लगची कडी दाबून प्लग ओढायचा. डबी नसून गोल टोपी असेल तर ती डावीकडे थोडी फिरवली की सुटते. दोन्हींत वायर धरून ओढू नका, प्लगच धरा.

२५. बल्ब धरून ठेवणारी रिंग फिरवून, किंवा तारेची क्लिप दाबून, मोकळी करा. क्लिप उडून बंपरच्या पोटात जाते. दुसरा हात खाली धरा.

२६. बल्ब सरळ मागे ओढून बाहेर काढा. तिरका केलात तर काचेची नळी कडेला आपटेल. काचेला बोट लावायचं नाही, मोजे असले तरी! चुकून लागलंच तर फडक्यावर आयसोप्रोपिल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

२७. बल्ब डब्यात ठेवून डब्यावर टेप लावा आणि 'डावा' लिहा.

२८. दुसऱ्या बाजूला २१ ते २७ या पायऱ्या तशाच करा, आणि तो डबा 'उजवा'.

२९. दोन्ही बल्बच्या बुडावरचा कोड वाचून कागदावर उतरवा. डी१एस, डी२एस, डी३एस, डी४एस असं काहीतरी असेल. 'एस'च्या जागी 'आर'ही असू शकतं. दोन्हीकडे तोच कोड हवा. वेगळा निघाला तर आधीच्या कुणीतरी चुकीचा बल्ब बसवलाय. तसं असेल तर अदलाबदल करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोडचे दोन नवे बल्ब आणा आणि ३९व्या पायरीवर जा.

३०. बल्ब उजेडात धरून निरखा. नळी काळी किंवा दुधी झालीय? बुडाशी जळल्याचा डाग? पिनांजवळ काळे ठिपके? हे ठिपके म्हणजे ठिणगी भलतीकडे उडतेय. लिहून ठेवा.

अदलाबदल

३१. 'डावा' डब्यातला बल्ब उजव्या दिव्यात आणि 'उजवा' डब्यातला डाव्या दिव्यात बसवा. खाच एकाच बाजूने जुळते. जुळत नसेल तर दाबू नका, फिरवून बघा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. बल्ब आणि बॅलास्ट दोन्ही एकदम बदललेत तर निकालाला काही अर्थच उरणार नाही.

३२. रिंग किंवा क्लिप बसवा.

३३. कनेक्शन 'टक' वाजेपर्यंत लावा. वाजलं नाही म्हणजे लागलं नाही.

३४. दोन्ही झाकणं नीट बंद करा. झाकण उघडं ठेवून किंवा बल्ब बाहेर हातात धरून दिवा कधीच पेटवायचा नाही. झटका तर आहेच, शिवाय उघड्या बल्बमधले अतिनील किरण डोळ्यांवर येतात.

३५. बॅटरीची निगेटिव्ह जोडा.

३६. इंजिन आणि दिवे चालू करून पाचव्या पायरीसारखा पुन्हा अर्धा तास पहारा द्या. काल वीस मिनिटांनी विझला होता ना? मग आज पाच मिनिटांत निकाल लावू नका.

३७. निकाल वाचा. डावीकडचा आजार उजवीकडे गेला? बल्ब दोषी, ३८ वर जा. आजार डावीकडेच राहिला? बल्ब निर्दोष, ४० वर जा. दोन्ही दिवे एकदम शहाणे झाले? मग कनेक्शनमध्ये मळ किंवा ढिलाई होती, ती काढ-घाल करताना सुटली. अशा वेळी खूश व्हा, पण काम अर्धवट सोडू नका: दिवे थंड करून, बॅटरी सोडून, दोन्ही कनेक्शन काँटॅक्ट क्लीनरने धुवा, वाळवा, परत लावा आणि ५४ वर या. डी१ आणि डी३ बल्बची डबी म्हणजे त्यांचा इग्नायटरच असतो. म्हणजे या प्रकारांत बल्बसोबत इग्नायटरचीही परीक्षा आपोआप झाली.

बल्ब दोषी निघाला तर

३८. त्याच कोडचे दोन नवे बल्ब आणा. एकच का नाही? जुन्या आणि नव्याचा रंग जुळत नाही. एक डोळा पांढरा, एक पिवळा दिसतो. शिवाय दुसराही त्याच वयाचा आहे. डी१च्या जागी डी३ किंवा डी२च्या जागी डी४ चालेल, असं कोणी म्हणालं तर हसून दुकान बदला. त्यांचे व्होल्टच वेगळे असतात. रंगासाठी साधारण ४३०० केल्विनचा घ्या. ६००० किंवा ८००० चा निळसर उजेड दुकानात रुबाबदार दिसतो, पावसात रस्ता दाखवत नाही. आणि झेनॉन बल्बमध्ये नकली माल पुष्कळ फिरतो, म्हणून नेहमीच्या खात्रीच्या दुकानातूनच, बिल घेऊन आणा.

३९. १७ ते ३६ या पायऱ्या नव्या बल्बसह पुन्हा करा. ठीक जळले तर थेट ५४ वर या.

आजार जागेवरच राहिला तर

४०. १७ ते २० पुन्हा करा: थंड, निगेटिव्ह सुटलेली, पाच मिनिटं, चष्मा-मोजे. हो, पुन्हा. कंटाळा येतो तिथेच हात भाजतात.

४१. आजारी दिव्याचा बॅलास्ट शोधा. तो बहुतेक दिव्याच्या बुडाशी बाहेरून लावलेला चपटा धातूचा डबा असतो; काही गाड्यांत दिव्याच्या आत.

४२. बॅलास्टला वीज आणणारा प्लग काढा.

४३. प्लगच्या आतल्या पिना टॉर्चने बघा. हिरवट बुरशी म्हणजे पाणी. पिन आत ढकलली गेलेली म्हणजे संपर्क कधी आहे, कधी नाही. मध्येच विझणाऱ्या दिव्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं, आणि इथे लागतो तो फक्त स्प्रे आणि सबुरी.

४४. प्लग आणि पिना काँटॅक्ट क्लीनरने धुवा. बुरशी खरवडायला पेचकस नको, जुना दाताचा ब्रश पुरे.

४५. पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर लांबून, मंद. बुरशी किंवा ढिली पिन सापडली असेल तर आधी प्लग लावून, सगळं बंद करून, निगेटिव्ह जोडून पाचव्या पायरीचा पहारा द्या; दिवा सुधारला तर ५४ वर जा, नाही तर ४० करून पुढे चला.

४६. स्क्रू काढून बॅलास्ट उतरवा. बॅलास्ट आणि दिवा यांच्यामधलं रबर बघायला विसरू नका. ते चपटं, तडकलेलं असेल तर पाणी तिथून शिरतंय, आणि नवीन रबर न घालता बसवलेला नवा बॅलास्टही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने जाईल. डबा उघडून आत बघण्याचा मोह आवरा. हलवल्यावर पाणी खळखळलं किंवा कडेला गंज दिसला तर तो गेलाच म्हणून समजा.

४७. दुसऱ्या बाजूचा बॅलास्टही तसाच उतरवून दोन्हींचे लेबलवरचे नंबर ताडून बघा. नंबर जुळला तरच अदलाबदल. जुळला नाही तर जबरदस्ती करू नका, ५० वर जा.

४८. बॅलास्टची अदलाबदल करा, सगळं बंद करा, निगेटिव्ह जोडा आणि पुन्हा अर्ध्या तासाचा पहारा द्या. डी२ किंवा डी४ बल्ब असेल आणि इग्नायटर वेगळा असेल तर तो या फेरीत जिथल्या तिथेच ठेवा. आजार हलला नाही तर पुढच्या फेरीत, सगळी सावधगिरी पुन्हा घेऊन, त्याची एकट्याची अदलाबदल करा.

४९. आजार बॅलास्टबरोबर (किंवा इग्नायटरबरोबर) पलीकडे गेला तर तेवढाच भाग बदला. इथे जोडीची गरज नाही. नवा परवडत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी उतरवलेला बॅलास्ट मिळतो. तो घ्यायला माझी हरकत नाही, लेबलवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला आणि कनेक्टर कोरडा असला तर. वापरलेला बल्ब मात्र फुकट मिळाला तरी नको. भाग बसवून, रबर नवं घालून, ५४ वर या.

ना बल्ब, ना बॅलास्ट

आता उरली वायर (बॅलास्टची अदलाबदल झालीच नसेल तर तोही अजून संशयित आहे). फ्यूज सोडले तर एकही नवा भाग न आणता तुम्ही दोन मोठे खर्च खोडून टाकलेत, एवढं लक्षात ठेवा आणि हुरूप टिकवा.

५०. सगळं जोडून, झाकणं लावून, दिवे पेटवून, हेडलाइटमागची वायरची जुडी हलक्या हाताने हलवत जा. हात फक्त गाडीकडून बॅलास्टकडे येणाऱ्या जुडीवर. दिव्याच्या आतल्या वायरवर नाही, आणि फिरत्या पट्ट्या-पंख्यापासून बाही लांब ठेवा. कुठे हलवलं की दिवा मिचकावतो, तिथे टेप लावून खूण करा. जुन्या गाडीत वायरचं आवरण उन्हाने तडकलेलं असतं, आणि पावसाळ्यात बोनेटखाली संसार थाटणारे उंदीर तर वायर कुरतडूनच जातात. लेंड्या दिसल्या तर जुडी टोकापासून टोकापर्यंत तपासा. तुटकी वायर पिळून वर टेप गुंडाळू नका. डाग देऊन वर हीट श्रिंक चढवा.

५१. दिवा जळत असताना मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक बॅलास्टच्या प्लगमध्ये मागून, अर्थच्या वायरशी टेकवा. ही वायर बहुधा तपकिरी किंवा काळी असते. मॅन्युअल किंवा वायरिंगचा नकाशा बघून खात्री करा. प्लग लावलेलाच हवा, काढलेल्या प्लगवर वायर नेहमीच ठीक दिसते. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. लक्षात आहे ना, मीटर फक्त बॅलास्टकडे येणाऱ्या बाजूला!

५२. अर्थिंग खराब निघालं तर दिवे बंद करून, बॅटरी सोडून, हेडलाइटजवळ पत्र्याला आवळलेला अर्थचा बोल्ट काढा, पत्रा आणि वायरचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत करा, पुन्हा घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. पत्र्यावर रंग उरला तर सगळी मेहनत वाया.

५३. अर्थिंग ठीक असेल तर मीटर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून बॅलास्टच्या पॉझिटिव्ह वायरपर्यंत, दिवा जळत असताना, त्याच पद्धतीने लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधल्या एखाद्या कनेक्टर, रिले किंवा स्विचमध्ये वीज अडतेय. इथे मात्र तुमचा कागद घेऊन चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. दोन्ही मोजमापं ठीक असूनही दिवा विझतोच आहे? तरी त्याच्याकडेच, स्कॅनर लावून कंट्रोल युनिट काय सांगतं ते त्याला बघू द्या. पण तो "बॅलास्ट गेलाय" म्हणायला लागला की कागद पुढे करा.

परत जागेवर

५४. तेविसाव्या पायरीत ओल दिसली असेल तर झाकण उघडं ठेवून, दिवे न लावता, दिवा आतून कोरडा करा. मग झाकणाचं रबर आणि हवा खेळण्याच्या नळ्या तपासा. नळी सिलिकॉनने बुजवू नका. दिवा श्वास घ्यायचा थांबला की काच आतून कायमची धूसर होते.

५५. गाडी खडूच्या खुणांवर आणून, डिपर लावून, उजेडाची कड टेपच्या पट्टीशी जुळवा. वर गेली असेल तर दिव्यावरच्या स्क्रूने खाली आणा, थोडं थोडं फिरवत. आपोआप उंची बदलणारा दिवा असेल आणि कड कुठेच स्थिर राहत नसेल तर स्कॅनरने त्याची मूळ पातळी बसवून घ्या.

५६. अंधार पडल्यावर ओळखीच्या खडबडीत रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवा. महामार्गावर ही परीक्षा नको; पुन्हा विझला तर थांबायला जागा हवी.

५७. जुने बल्ब न फोडता, नव्याच्या खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. डी१ आणि डी२ बल्बमध्ये पारा असतो; घंटागाडीत टाकायचे नाहीत.